आधी यादी, मग यंत्र

बेंगळुरूहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "बाबा ७४ वर्षांचे, गोव्यात डिचोलीला एकटेच असतात. निवृत्त मराठी शिक्षक. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आता बारीक छपाई वाचवत नाही. घरातली निम्मी पुस्तकं पावसात बुरशीने गेली. त्यांना ई-रीडर घेऊन द्यावा का? कुठला? मराठी पुस्तकं मिळतात का? आणि त्यांच्याकडे एका पेनड्राइव्हवर दोनेक हजार मराठी पीडीएफ आहेत, त्या त्यावर चालतील ना?"

घेऊन द्या, जरूर द्या. पण कुठला ते लगेच सांगत नाही. ते ठरवायला मला बाबांच्या चष्म्याचा नंबर नको, त्यांना काय वाचायचंय त्याची यादी हवी.

मी म्हापशात तीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईच्या पानांची जुळणी, केलं. जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि पदरमोड करून काढलेले कवितासंग्रह. गेली बारा-तेरा वर्षं त्याच जुन्या फायलींची ई-पुस्तकं करतो. त्यामुळे ओळखीपाळखीत कोणी ई-रीडर घेतला की तो चालू करून घ्यायला माझ्याकडेच येतात. अशी चाळीसेक यंत्रं माझ्या हातून गेली असतील. त्यातली बरीचशी आज वापरात नाहीत, आणि गंमत म्हणजे त्यातलं एखाददुसरंच बिघडलेलं आहे. माणूस हौसेने यंत्र घेतो, पहिल्या पंधरवड्यात दोन पुस्तकं वाचतो, मग ज्याच्यासाठी घेतलं ते पुस्तक शोधायला जातो तर ते कुठेच नसतं. चतुर्थीपर्यंत यंत्र कपाटात. इंग्रजी वाचणाऱ्याने आधी यंत्र घेतलं तरी फारसं बिघडत नाही. मराठी वाचणाऱ्याने तसं करू नये.

म्हणून आज रात्री बाबांना फोन करा आणि विचारा: "येत्या वर्षात वाचायची किंवा पुन्हा वाचायची अशी दहा पुस्तकं सांगा." लेखकाच्या नावासकट लिहून घ्या. मग एकेक पुस्तक शोधा. ती तीन ढिगांत पडतील.

पहिला ढीग, आज विकत मिळणारी. किंडल म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, त्याच्या दुकानात २०१६च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं आहेत आणि आता ती बरीच आहेत, विशेषतः मोठ्या प्रकाशकांची. बुकगंगावरही पुष्कळ आहेत, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाही. गूगल प्ले बुक्सवर थोडी. एकच पुस्तक एका दुकानात असतं आणि दुसऱ्यात नसतं, हे नेहमीचंच. म्हणून पुस्तक "मिळतं" एवढंच लिहू नका, कुठे मिळतं तेही शेजारी लिहा. यंत्र त्यावरून ठरणार आहे.

दुसरा ढीग, स्वामित्वहक्क संपलेली. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. हरि नारायण आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ साली गेले, ते केव्हाचे मोकळे झाले. साने गुरुजी १९५०चे, म्हणजे २०११पासून मोकळे. आपल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली गेले, त्यांचं 'निवेदन' आणि बाकीचं मराठी लेखन २००८पासून कोणालाही छापता येतं, टंकता येतं, वाटता येतं. यातलं काही मराठी विकिस्रोतावर अक्षरी स्वरूपात आहे आणि तिथून थेट ईपब (अक्षर लहानमोठं करता येईल अशी ई-पुस्तकाची फाइल) उतरवता येतं. बाकी बरंच इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅनच्या रूपात पडून आहे. स्कॅन आणि अक्षरी मजकूर यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, त्याकडे पुढे येतो.

तिसरा ढीग मधला, आणि आपला गोंयकारांचा जीव नेमका तिथे अडकतो. लेखकाला जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत, पुस्तकाची शेवटची आवृत्ती पस्तीस वर्षांपूर्वीची, आणि ई-आवृत्ती कोणी काढलेली नाही. कवी बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, त्यांचा हक्क २०४४ अखेरपर्यंत. सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी १९९२चे, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत. या दोघांची नावं मोठी, त्यांची काही पुस्तकं दुकानात तरी दिसतात. पण त्यांच्याच काळात गोव्यात मराठी लिहिणारे जे दुसऱ्या फळीतले होते, ज्यांची हजार प्रतींची एकच आवृत्ती निघाली, त्यांचं काय? ती पुस्तकं वाचनालयांच्या कपाटांत आहेत आणि वाळवी त्यांची वाट पाहते आहे. बाबांच्या यादीत अशी चार-पाच निघाली, आणि ते डिचोलीचे मास्तर आहेत म्हणजे निघणारच, तर त्यांच्यासाठी कुठलाही ई-रीडर उपयोगाचा नाही. ती पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात शोधा. ते १८३२ साली सुरू झालं. मला इतरत्र न मिळालेलं तिथे अनेकदा मिळालं आहे.

दहांपैकी निदान पाच पहिल्या दोन ढिगांत पडली तर यंत्र घ्या. तीनच पडली तर ते पैसे मोठ्या अक्षरांच्या कागदी पुस्तकांवर आणि चांगल्या टेबललॅम्पवर घाला, मी तसं दोघांना सांगितलं आहे.

आता पेनड्राइव्ह. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे.

मराठी पुस्तकाची पीडीएफ म्हणजे बहुतेक वेळा पानांचे फोटो. ई-रीडरला त्यात अक्षरं दिसत नाहीत, चित्र दिसतं. त्यामुळे "अक्षर मोठं करा" हे बटण तिथे चालत नाही. आपल्याकडचं नेहमीचं पुस्तक डेमी आकाराचं, साडेआठ बाय साडेपाच इंच. सहा इंची यंत्राचा पडदा उभ्यात पाऊणेपाच इंच आणि आडव्यात साडेतीनच्या आसपास. आख्खं पान त्यात बसवलं की ते निम्म्याहून जरासंच मोठं राहतं. मूळ छपाई १४ पॉइंटची असेल तर पडद्यावर ती आठ पॉइंटची होते, म्हणजे वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींएवढी. मोतीबिंदू झालेल्या माणसाला हे देणं म्हणजे छळच.

एक तोड आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. यंत्र आडवं धरायचं आणि पानाचे समास कापून टाकायचे. डेमी पुस्तकात मजकुराचा पट्टा साधारण चार इंच रुंद असतो. सहा इंची पडदा आडवा केला की रुंदी पाऊणेपाच इंच मिळते, म्हणजे अक्षर मूळ छापील पुस्तकापेक्षाही थोडं मोठं दिसतं. सात इंची पडद्यावर तर जवळजवळ दीडपट. एक छापील पान दोन-अडीच टप्प्यांत वाचावं लागतं, पण वाचता येतं. समास कापायला संगणकावर केटूपीडीएफऑप्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. यंत्रावरच करायचं असेल तर कोओरीडर हा वाचनाचा प्रोग्रॅम. तो कोबो या दुसऱ्या ई-रीडरवर आणि अँड्रॉइडवर सहज बसतो. किंडलवर बसवायला कुलूप फोडावं लागतं, त्या भानगडीत तुम्ही बेंगळुरूहून पडू नका.

दुसरी वाट, फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. गूगल ड्राइव्ह मराठी ओळखतं, टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅमही ओळखतो, आणि स्वच्छ छपाईवर निकाल बरा येतो. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईवर 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म', 'थ'चा 'य', आणि अनुस्वार तर कागदावरचा डाग समजून गाळले जातात. दोनशे पानांचं पुस्तक नीट वाचनीय करायला माझ्या वीसेक संध्याकाळी जातात. दोन हजार पुस्तकांचा हिशेब तुम्हीच करा. बाबांना त्या ढिगातून खरंच हवी अशी दहा-वीस काढायला सांगा. माझा अनुभव असा की पेनड्राइव्ह ही जमवायची गोष्ट असते, वाचायची नाही. देणारा म्हणतो "दोन हजार आहेत", घेणारा खूश होतो, आणि दोघांपैकी कोणीही पन्नाससुद्धा उघडलेली नसतात.

आणि हो, त्यात अजून बाजारात असलेल्या पुस्तकांचे स्कॅन असणारच. असले स्कॅन व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतात. मी त्यांना हात लावत नाही, आणि कोणी समास कापून द्या म्हणून आणले तर परत पाठवतो. हजाराची आवृत्ती संपायला जिथे पाच-सात वर्षं लागतात, तिथे शंभर लोकांनी फुकट वाचणं लेखकाला खरोखरच लागतं. हक्क संपलेली, आणि लेखकाने किंवा संस्थेने स्वतःहून मोकळी केलेली खुशाल घ्या. ई साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकं या दुसऱ्या जातीची.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण मराठी ई-पुस्तकाचं खरं दुखणं इथे आहे आणि यंत्र विकणारा ते कधीच सांगत नाही.

आम्ही डीटीपीवाल्यांनी नव्वदच्या दशकात आणि पुढेही मराठी टंकलं ते युनिकोडात, म्हणजे फाँट बदलला तरी टिकणाऱ्या प्रमाण संकेतांत, नाही. श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलं. पडद्यावर "मराठी" दिसायचं, पण फायलीच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असायचा. त्यावर तो विशिष्ट फाँट चढवला की मराठी दिसायची, फाँट काढला की सगळं फुटायचं. कागदावर छापेपर्यंत हे चालून गेलं. ई-पुस्तक करायचं म्हटलं की तो काला युनिकोडात आणावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, पण फाँटागणिक रचना वेगळी आणि प्रत्येक कन्व्हर्टरच्या खोडी वेगळ्या. आज दुकानात पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकात जी विचित्र चूक दिसते, ती बऱ्याचदा लेखकाचीही नसते आणि मुद्रितशोधकाचीही नसते. ती या धर्मांतरात झालेली असते.

उदाहरण देतो. सत्तरीच्या एका कवीचा संग्रह मी १९९८ साली लावला होता. पुढे त्याचंच ई-पुस्तक करायला घेतलं. कन्व्हर्टरने सगळ्या 'ऱ्य'चा 'र्य' करून टाकला, आणि डोंगरांवरच्या कवितांमध्ये दऱ्यांच्या जागी दर्या आला. सह्याद्रीच्या कुशीत जागोजाग समुद्र! मी प्रूफ वाचताना चक्क दोन पानं पुढे गेलो, कारण गोव्याच्या कवितेत दर्या खटकत नाही. कवीला दाखवलं तर म्हणाला, "राहू दे, दोन्ही आपलेच." अर्थात दुरुस्त केलं. पण स्वयंपाक करणारे 'आचारी' अशाच रीतीने अनेक पुस्तकांत 'आचार्य' होऊन बसले आहेत, आणि त्यांना खाली उतरवायला कोणी नाही.

म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी त्याचा फुकट नमुना उतरवा आणि वाचू नका, नुसता तपासा. 'ऱ्या' असलेला एखादा शब्द शोधा. 'ॲ' नीट दिसतो का पाहा. पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या डावीकडेच आहे ना? 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' जोडलेले आहेत, की पाय मोडून शेजारी शेजारी उभे आहेत? अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं की त्या प्रकरणावर उडी जाते का? पाच मिनिटांचं काम. अक्षरं जोडलेलीच नसतील तर दोष कधी पुस्तकाचा असतो, कधी यंत्राचा. दुसरं पुस्तक उघडून पाहिलं की कळतं. २०१२ साली मी घेतलेल्या पहिल्या यंत्रावर वेलांट्या सगळ्या उजवीकडे सरकायच्या आणि 'किती' वाचायला मला कितीतरी वेळ लागायचा. कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की आपली भाषा समर्थित यादीत नाही. ते दिवस आता गेले.

गोव्याला हे दुखणं नवं नाही म्हणा. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात उतरला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, मराठीतल्या अकरा हजारांच्या आसपास ओव्या, १६१६ साली सासष्टीत राशोलला छापलं गेलं ते रोमी लिपीत, देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते म्हणून. चारशे वर्षांनी खिळे आहेत, यंत्रं आहेत, आणि आपण अजून 'ऱ्य'वर अडलो आहोत.

स्वतः ईपब करणार असाल किंवा विकिस्रोतावरचं उतरवलं असेल तर एक बारीक गोष्ट करा. फाइल कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि पुस्तकाची भाषा 'मराठी' आहे का पाहा. अनेकदा तिथे हिंदी किंवा इंग्रजी पडलेलं असतं. ज्या फाँटात सोय आहे, तो फाँट या खुणेवरून 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे काढतो, नाहीतर हिंदी वळणाचे. मराठी मास्तरांना हे पहिल्या पानावर दिसतं आणि दिवसभर टोचतं. कॅलिबर फुकट आहे. कोविद गोयल या आपल्या भारतीय माणसाने २००६ साली सोनीच्या एका ई-रीडरसाठी ते लिहायला घेतलं, आणि आज जगभरचे ई-वाचक त्याच्यावर जगतात. मराठी ई-पुस्तकाच्या कामात मला यापेक्षा उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

आता डोळे. ई-शाईचा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांत उजेड फेकत नाही. आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण, विरुद्ध विद्युतभाराचे. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो, आणि मग तसाच राहतो. वीज लागते ती पान उलटताना. पुढचा दिवा लावला तर तेवढी अधिक. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते आणि लाईट गेली तरी वाचन थांबत नाही. रात्रीसाठी कडेने दिवे असतात, ते पडद्यावर उजेड टाकतात. पिवळसर उजेडाची सोय असेल तर बरी वाटते. शस्त्रक्रियेनंतर पांढरा उजेड अनेकांना खुपतो, तरी बाबांच्या डोळ्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

माझ्या मते पिवळ्या उजेडापेक्षा पडद्याची रुंदी महत्त्वाची. आपल्या मराठीला प्रत्यय चिकटतात आणि शब्द लांबतात. 'वाचनालयातल्यासारखं' हा एकच शब्द घ्या. सहा इंची पडद्यावर अक्षर भरपूर मोठं केलं की ओळीत तीन-चार शब्द उरतात, आणि दोन्ही कडा जुळवलेल्या असतील तर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डोळा एका शब्दावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. म्हाताऱ्या माणसासाठी सात इंचांच्या खाली जाऊ नका, आणि मांडणीत 'डावीकडे जुळवा' निवडा. उजवी कड वेडीवाकडी दिसेल, वाचायला सोपं जाईल. मी डीटीपीवाला असून हे सांगतोय, म्हणजे बघा.

रंगीत ई-शाई घेऊ नका. रंग फिके, आणि वरच्या रंगीत थरामुळे पांढरा भाग काळसर होतो. बाबांना दिवा सतत चढवून ठेवावा लागेल.

तर यंत्र. यादीतली बहुतेक पुस्तकं किंडलच्या दुकानात सापडली तर किंडल पेपरव्हाइट घ्या, सात इंची. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, पाण्याला दाद देत नाही. यात तुमच्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. तुम्ही बेंगळुरूहून त्या पत्त्यावर ईपब पाठवा, डिचोलीत वायफाय लागलं की पुस्तक आपोआप बाबांच्या यादीत येतं. तुमचा ईमेल आधी खात्यात मंजूर करून ठेवावा लागतो, तेवढं विसरू नका, नाहीतर पुस्तक वाऱ्यावर जातं आणि आपण राउटरला दोष देत बसतो. दूर राहणाऱ्या मुलामुलींसाठी ही एक गोष्ट मला इतर सगळ्या गुणांपेक्षा मोठी वाटते.

त्याची खोट अशी की विकत घेतलेलं पुस्तक त्यांच्याच कुंपणात राहतं. पूर्वी ते संगणकावर उतरवून ठेवता यायचं, २०२५च्या फेब्रुवारीत तीही सोय गेली. आपण घेतो तो वाचायचा परवाना, हे डोक्यात असू द्या. बाबा गेल्यावर नातवाला कपाट मिळतं तसं हे मिळत नाही.

यादीतली निम्मी पुस्तकं बुकगंगावर निघाली तर किंडल फुकट जाईल. मग अँड्रॉइड चालणारा ई-शाईचा टॅब लागेल, बूक्स वगैरे. त्यावर सगळी ॲप चालतात, पण बॅटरी लवकर उतरते आणि यंत्र अधूनमधून हट्ट करतं. बाबा मोबाइलवर स्वतः ॲप टाकतात का? टाकत असतील तर घ्या. नसतील तर शेजारचा कोणी पोरगा हाताशी आहे याची खात्री करा.

कोबो मला मनापासून आवडतो. ईपब थेट वाचतो, स्वतःचे फाँट टाकता येतात, केबलने पुस्तकं भरता येतात. आपल्याकडे तो बहुतेक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, भावाच्या नाहीतर पोर्तुगालच्या मावशीच्या बॅगेतून येतो. त्यावर मराठी जोडाक्षरं फुटलेली दिसली तर तीच फाइल कॅलिबरमधून केपब, म्हणजे कोबोचा स्वतःचा ईपब, करून घाला, किंवा सरळ कोओरीडर टाका. पण मराठी विकत घ्यायला त्याच्या दुकानात फारसं काही हाती लागत नाही. दुसऱ्या ढिगावर जगणाऱ्याने कोबो घ्यावा. परदेशातून किंडल आणवलात तर खातं मात्र भारतातल्या दुकानाचंच जोडा. परदेशी खात्यावर मराठी पुस्तकं आणि पैसे भरणं, दोन्हींचा घोळ होतो.

पेनड्राइव्हवरच्या पीडीएफ हाच बाबांचा मुख्य हेतू असेल, तर प्रामाणिकपणे सांगतो, घरात पडलेला दहा इंची साधा टॅब द्या, उजेड कमी करून. दहा इंची ई-शाईचं यंत्रही मिळतं, पण किंमत दुपटीहून वर जाते आणि हातात धरून मनगट दुखतं.

पावसाचं विचारलं नाहीत, पण डिचोली म्हटल्यावर सांगायलाच हवं. यंत्राला कसर लागत नाही. दमट हवेने चार्जिंगचं भोक मात्र हिरवं पडतं. जून ते सप्टेंबर ते कपड्यांच्या कपाटात नको, रोजच्या वापरात राहू द्या, हाताळलेलं यंत्र सुकं राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते. बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवली तर ती मरते. पडदा आतून काचेचा असतो, वर ओरखडा नसतानाही आतून तडकतो, आणि तडकला की कोपऱ्यात काळ्या रेघा येतात, त्याला इलाज नाही. माझ्याकडे आलेल्या मोजक्या मेलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांवर कोणीतरी बसलेलं होतं. झाकणाचं कव्हर आधी घ्या. आणि पावसात नेट जातं, तेव्हा मे महिन्यात घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तसा यंत्रातही भरून ठेवा. जागेची चिंता नको. नुसत्या अक्षरांचं तीनशे पानी मराठी पुस्तक एक एमबीच्या आतबाहेर असतं, सोळा जीबीत बाबांची आणि माझी मिळून दोन्ही आयुष्यं मावतील.

दुकानाला कुलूप घाला. पालक नियंत्रण म्हणून एक सोय असते, तिने यंत्रावरचं दुकान बंद होतं. आमच्या एका काकांनी पान उलटताना कडेला बोट लावून एका दुपारी सात पुस्तकं विकत घेतली, त्यात एक जर्मन पाककृतींचं. पैसे परत मिळाले, पण काकांनी धसक्याने महिनाभर यंत्राला हात लावला नाही.

फोंड्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी जमतो, असलेच ई-वाचनाचे वेडे. कागदी पुस्तक मित्राला देता येतं, ई-पुस्तक देता येत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. त्यावर आम्ही सोपा उपाय काढला: यंत्रच देतो, पासवर्ड लावून, पंधरा दिवसांसाठी. ज्यांना घ्यायचंय की नाही ठरत नाही, ते आधी असं नेतात. काही जण आठव्या दिवशी परत आणून ठेवतात, पानाचा वास नाही म्हणतात, आणि त्यांचे पंधरा-सोळा हजार वाचतात. बाबांनाही कोणाकडून तरी पंधरा दिवस मागून देता आलं तर पाहा. बसने डिचोलीहून फोंडा लांब नाही.

आणि यंत्र घेतलंत तर खोक्यासकट कुरिअर करू नका. सुट्टीत येताना स्वतः आणा. वायफाय जोडा, खातं तुमच्या नावाने उघडा, भाषा लावा, यादीतली तीनच पुस्तकं भरा. त्यांच्या आवडीचं एक आधीच उघडून, अक्षर तुमच्या मते जरा जास्तच मोठं करून हातात द्या. पान उलटायला कुठे बोट लावायचं तेवढंच दाखवा. खोका आणि त्यातलं माहितीपत्रक दुसऱ्या दिवशी द्या. मास्तर आहेत, ते शेवटपर्यंत वाचतील आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तुम्हाला फोन करून सांगतील.